स्पेनमध्ये वर्ग सुरू होताना: पहिल्या पंधरवड्यात शिकवत नाहीत, ठरवतात

स्पेनमधल्या विद्यापीठात पहिल्या आठवड्याच्या तासांना फारसं काही शिकवत नाहीत. प्राध्यापक येतात, स्वतःचं नाव सांगतात, पडद्यावर एक पीडीएफ उघडतात, ती वरपासून खालपर्यंत सरकवतात आणि दोन तासांचं लेक्चर चाळीस मिनिटांत आटोपतं. ह्याला तिथे 'प्रेसेन्ताथियोन' म्हणतात, विषयाची ओळख. आपल्याकडे कॉलेज उघडल्यावर पहिले आठ-दहा दिवस वर्गाकडे न फिरकण्याची रीत आहे. ती अंगात मुरलेल्या माणसाला वाटतं, हा तास बुडवला असता तरी काय बिघडलं असतं?

बरंच बिघडलं असतं. त्या चाळीस मिनिटांत प्रॅक्टिकलच्या तुकड्या पडतात, गटकामात कोण कोणाबरोबर ते ठरतं, हजेरी कशी मोजणार ते सांगितलं जातं. त्या पीडीएफमधल्या कुठल्या ओळी अक्षरशः पाळल्या जातात आणि कुठे थोडी ढील मिळते, हेही प्राध्यापक तोंडीच सांगून जातात. पहिलं सत्र, म्हणजे 'क्वात्रिमेस्त्रे', सप्टेंबरात सुरू होतं आणि नाताळपर्यंत शिकवणं संपतं. जानेवारीत परीक्षा. मास्टर्सचे काही अभ्यासक्रम सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात सुरू होतात, पण त्यांनाही नाताळची भिंत तीच. नाव 'क्वात्रि', म्हणजे चार महिने; हातात येतात जेमतेम पंधरा आठवडे. त्यातले दोन व्हिसाच्या वाटेत गेले तर नुसते तेरा टक्के नव्हे, तुकडी निवडण्याचा सगळा हक्क जातो. व्हिसाला उशीर होणार असं दिसलं की विमानतळावरून नव्हे, त्याआधीच आपल्या समन्वयकाला आणि प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाला चार ओळींची मेल टाकावी: नाव, विषय, तुकडी, पोचण्याची तारीख. उत्तर येवो न येवो, पुढे दाखवायला ती मेल लागते.

ती पीडीएफ

तिचं नाव 'गिया दोथेंते'. स्पेनच्या बहुतेक भागात रोमन सी ह्या अक्षरापुढे ई किंवा आय आलं की उच्चार थ होतो, म्हणून दोथेंते. बार्सिलोना विद्यापीठात कातालान ह्या तिथल्या स्थानिक भाषेत तिलाच 'प्ला दोसेन' म्हणतात. प्रत्येक विषयाची ही माहितीपुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते, बहुधा सत्र सुरू व्हायच्या आधीच. आपल्याकडच्या सिलॅबसपेक्षा ही वेगळी आहे. सिलॅबस काय शिकवणार ते सांगतो, ही तुम्हाला गुण कसे देणार ते सांगते आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवते. गुणांवरून वाद झाला तर प्राध्यापकही हीच उघडतात आणि तुम्हीही.

वाचायची ती शेवटून. उद्दिष्टं, क्षमता, कार्यपद्धती ही पानं सगळ्या विषयांची जवळपास सारखीच असतात, ती सोडली तरी चालतील. थेट 'एबालुआथियोन' ह्या भागावर जा आणि चार शब्द शोधा.

पहिला 'पोन्देराथियोन': कशाला किती टक्के. दुसरा 'नोता मीनिमा': त्या भागात किमान किती गुण पडलेच पाहिजेत. तिसरा 'रेकुपेराब्ले' किंवा त्याच्याआधी 'नो': तो भाग हुकला तर पुन्हा देता येईल की नाही. चौथा 'आसिस्तेन्थिया ओब्लिगातोरिया': हजेरी सक्तीची. अनेक विषयांत ८० टक्क्यांची अट असते, आणि ती बऱ्याचदा फक्त प्रॅक्टिकलला लागू असते, लेक्चरला नाही. हा फरक पुस्तिकेत एका शब्दाने लिहिलेला असतो आणि विद्यार्थी नेमका तोच शब्द वाचत नाहीत.

'नोता मीनिमा'ने माणसं कशी आपटतात ते आकड्यांत बघा. समजा एका विषयात अंतिम परीक्षेला ६० टक्के, प्रॅक्टिकलला ३०, सहभागाला १०, आणि परीक्षेत किमान ४ ची अट. तुम्हाला प्रॅक्टिकलमध्ये १० पैकी ९ मिळाले, म्हणजे २.७. सहभागात पुरे १० मिळाले, म्हणजे १. परीक्षेत ३.८ पडले, म्हणजे २.२८. बेरीज ५.९८. पास व्हायला ५ लागतात, तरी तुम्ही नापास. कारण परीक्षेत ४ न गाठल्याने बेरीज करायचीच नाही असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. ३.८ ऐवजी ४ असते तर ६.१ होऊन सुखाने सुटला असता. वर्षभराच्या कामावर परीक्षा निभावून नेऊ हा आपल्याकडचा हिशेब इथे त्या एका ओळीमुळे कोसळतो.

आणखी एक दरवाजा पहिल्या पंधरवड्यातच बंद होतो. बहुतेक विषय 'एबालुआथियोन कोन्तीनुआ'ने चालतात: सत्रभर छोट्या परीक्षा, असाइनमेंट, सादरीकरणं. ज्यांना नोकरी किंवा दुसरं सबळ कारण आहे त्यांना फक्त एकच अंतिम परीक्षा द्यायची मुभा मागता येते. ग्रानादा विद्यापीठात ह्या 'एबालुआथियोन ऊनिका फिनाल'साठी अर्ज विषय सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत करावा लागतो. परदेशी विद्यार्थ्याने ही वाट शक्यतो धरू नये असं माझं मत आहे. भाषा कच्ची असताना सगळे १०० टक्के एका तीन तासांच्या पेपरावर लावणं म्हणजे जुगार.

क्रेडिटचं गणितही इथेच करून ठेवा. एक युरोपियन क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास काम, नुसते वर्गातले तास नव्हेत. ६ क्रेडिटचा विषय म्हणजे कमीत कमी १५० तास. त्यातले ६० वर्गात धरले तरी ९० तास घरी. पंधरा आठवड्यांवर पसरा: आठवड्याला ४ तास वर्ग, ६ तास घर. असे पाच विषय, सत्राचे नेहमीचे ३० क्रेडिट, घेतले की आठवडा ५० तासांचा होतो. वेळापत्रकात फक्त २० तास दिसतात, म्हणून पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटतं की इथे मोकळा वेळ फार आहे.

गुण १० पैकी असतात आणि त्यांना नावं असतात. ५ च्या खाली 'सुस्पेन्सो', ५ ते ६.९ 'आप्रोबादो', ७ ते ८.९ 'नोताब्ले', ९ पासून पुढे 'सोब्रेसालिएन्ते'. त्याच्यावर 'मात्रीकुला दे ओनोर', ती विषयाला नाव नोंदवलेल्यांपैकी जास्तीत जास्त ५ टक्के मुलांना. आपला १० चा सीजीपीए आणि हे १० एक नव्हेत, ७ पडले तर तोंड पाडून बसू नका. ते लोक दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात. नोटीस बोर्डावरचं '४,५' म्हणजे साडेचार. आणि हाताने लिहिलेला त्यांचा एकचा आकडा वर लांब शेंडी असल्याने आपल्या डोळ्याला सातासारखा दिसतो, त्यांच्या साताला मधे आडवी रेघ असते. खोलीचा क्रमांक चुकतो तो असा.

वेळापत्रक वाचणं

'ओरारियो'मध्ये वारांची अक्षरं असतात: एल, एम, एक्स, जे, व्ही. एक्स म्हणजे बुधवार. मंगळवार 'मार्तेस' आणि बुधवार 'मिएर्कोलेस' दोघांचंही पहिलं अक्षर एम, म्हणून बुधवाराला एक्स दिलाय. हे कोणी सांगत नाही, आणि एक्स बघून 'तास रद्द' असं समजणारे दर वर्षी निघतात. कातालोन्यात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, कातालान नावं असतात, तिथे दोन-दोन अक्षरं देतात आणि घोळ होत नाही.

त्याखाली तुकडी. मोठी तुकडी थिअरीची, तिला टी किंवा 'ग्रूपो ग्रान्दे'. तिच्यातूनच प्रॅक्टिकल आणि सेमिनारच्या लहान तुकड्या पाडतात. एका थिअरीच्या तुकडीत दोन-तीन लहान तुकड्या असतात आणि तुमची लहान तुकडी आठवड्याआड भरत असेल तर वेळापत्रकात ती दर आठवड्याला छापलेली दिसली तरी तुम्हाला एक आठवडा सोडूनच जायचं असतं. 'किन्थेनाल' असा शब्द दिसला की समजायचं, पंधरवड्यातून एकदा. लहान तुकडी बहुतेक वेळा मूडलवर, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गावर, निवडायची असते: ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला यादी खुली होते, आणि जो आधी टिचकी मारेल त्याला हवी ती वेळ. स्थानिक मुलं गजर लावून बसतात. उरलेल्यांच्या वाट्याला शुक्रवार संध्याकाळ येते.

खोलीचा क्रमांक म्हणजे 'आउला'. १.१४ म्हणजे पहिल्या मजल्यावरची चौदावी. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला 'प्लांता बाखा' आणि त्याच्यावर पहिला. जुन्या इमारतींत मात्र दोघांच्या मधे एक 'एन्त्रेप्लांता' असते, आणि एक जिना चढून तुम्ही पहिल्या मजल्यावर पोचलेलेच नसता. पण खोलीच्या आधी कॅम्पस तपासा. माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठाचे मोन्क्लोआ आणि सोमोसाग्वास असे दोन वेगळे कॅम्पस आहेत. कार्लोस तेर्थेरो विद्यापीठाचे तर खेताफे, लेगानेस, कोल्मेनारेखो अशा वेगवेगळ्या गावांत. पहिल्या दिवशी चुकीच्या गावात उतरलेल्याचा तो तास गेलाच समजा.

वेळ २४ तासांच्या घड्याळात. सकाळची पाळी साधारण साडेआठला सुरू होऊन दोन-अडीचला संपते, दुपारची साडेतीनला सुरू होऊन रात्री आठ-नऊला. 'मेदियोदिया'ला भेटू असं कोणी म्हणालं तर बारा वाजता जाऊन उभे राहू नका. त्यांच्या लेखी जेवणापर्यंत सगळी दुपार, म्हणजे एक ते तीनमधलं काहीही. नेमकी वेळ विचारून घ्या.

एक्सचेंजवर गेलेल्यांची मोठी डोकेदुखी म्हणजे 'सोलापामिएन्तो', दोन विषयांचे तास एकमेकांवर येणं. एक विषय दुसऱ्या वर्षाचा, एक तिसऱ्याचा, एक भलत्याच विभागाचा असं यादी बघून घरबसल्या निवडलं की हे होणारच, कारण वेळापत्रक वर्ष आणि तुकडीवार लावलेलं असतं. शक्य तितके विषय एकाच वर्षाच्या एकाच तुकडीतून घ्या आणि दोन जादा विषय राखीव ठेवा. बदल करायला सुरुवातीचे थोडेच आठवडे असतात. त्यातही क्रम महत्त्वाचा: आधी भारतातल्या आपल्या कॉलेजकडून 'ह्या विषयाचे क्रेडिट धरू' असं लेखी, मग तिथल्या समन्वयकाची सही, मग 'सेक्रेतारीया'त नोंद. उलट केलं तर तिथे पास झालेला विषय इथल्या गुणपत्रिकेत येत नाही. सेक्रेतारीया म्हणजे कार्यालय, बहुतेक ठिकाणी सकाळी नऊ ते दुपारी दोन, आणि हल्ली आधी वेळ घेतल्याशिवाय आत घेत नाहीत. त्या वेळ घेण्याला 'थीता प्रेबिया' म्हणतात. हा शब्द तुम्हाला स्पेन सोडेपर्यंत सोडणार नाही.

नाव

मराठी विद्यार्थ्याचा सगळ्यात चिवट प्रश्न भाषेचा नसतो, नावाचा असतो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बहुधा वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. 'मारिया गार्थीया लोपेस' ह्या बाईंना प्राध्यापक गार्थीया म्हणायचं, लोपेस नव्हे, आणि विभागाच्या यादीतही त्या गार्थीयाखालीच सापडतात. आपल्या पासपोर्टवर एक आडनाव, आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं. स्पॅनिश अर्जात तीन रकाने: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. तीन रकाने आणि आपलीही तीन नावं बघून हात आपोआप चालतो: अमृता, हेमंत, जोशी. झालं. आता तुम्ही विद्यापीठाच्या लेखी श्रीमती हेमंत.

ह्याचे परिणाम एकामागून एक येतात. याद्या पहिल्या आडनावाच्या अक्षराने लागतात, तुकड्याही पुष्कळदा आडनावाच्या आद्याक्षराने पाडतात, त्यामुळे तुम्ही जे ऐवजी एचच्या तुकडीत जाता. परीक्षेच्या हॉलबाहेरच्या यादीत स्वतःचं नाव सापडत नाही. विद्यापीठाची ईमेल त्याच नावाने तयार होते. पुढे ओळखपत्र पासपोर्टनुसार येतं आणि गुणपत्रिका अर्जानुसार, आणि दोन्हीवरची माणसं वेगळी. म्हणून पहिल्या आडनावात फक्त जोशी, नावाच्या रकान्यात 'अमृता हेमंत', दुसरं आडनाव कोरं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर हा घोळ आणखी वाढतो. ते निघण्याआधी पासपोर्ट कार्यालयातच निस्तरलेलं बरं. आधीच चूक झाली असेल तर पहिल्या पंधरवड्यात पासपोर्ट घेऊन सेक्रेतारीयात जा. सत्र संपल्यावर तीच दुरुस्ती दहापट किचकट होते. नोंदणी पासपोर्ट क्रमांकावर झाली असेल तर परदेशी नागरिकाचा एनआयई क्रमांक मिळाल्यावर तोही कळवा, पासपोर्टचं नूतनीकरण झालं तरी तो बदलत नाही.

हजेरी घेताना कान वेगळे लावावे लागतात. त्यांच्यात एच मुका आणि जेचा उच्चार घशातला ख. हेमंतचा 'एमांत' होतो, जोशीचा 'खोशी', जाधवचा 'खादाब', कारण व्ही आणि बी एकच. वैद्य 'बाइद्या' होतात. दोनदा हाक जाऊनही उत्तर न दिलेली मराठी मुलं गैरहजर लागतात. जिथे सहीचा कागद फिरतो तिथे तो तुमच्यापर्यंत आला का ते बघणं तुमचं काम, मागच्या बाकावर तो पुष्कळदा पोचतच नाही.

बोलणं

तिथे प्राध्यापकाला सर-मॅडम नाही. पहिल्या नावाने हाक मारतात आणि 'तू' म्हणतात. स्पॅनिश 'तू' आणि मराठी 'तू' उच्चाराला आणि अर्थाला एकच, अगदी त दंत्य असण्यापर्यंत. म्हणूनच तो साठीच्या प्राध्यापकांसमोर मराठी जिभेवरून उतरत नाही. 'उस्तेद', म्हणजे आपण, वापरलंत तर कोणी रागावणार नाही, उलट ते मेलमध्ये शोभतं. ते स्वतः 'तूतेआमे' म्हणाले, म्हणजे 'मला तूच म्हण', की मात्र अडून बसू नये.

इंग्रजीच्या वळणाने अंदाज बांधला तर काही शब्द हमखास फसवतात. 'कोलेखियो' म्हणजे शाळा, कॉलेज नव्हे. पण 'कोलेखियो मायोर' म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. 'फाकुल्ताद' म्हणजे कॉलेजची इमारत आणि संस्था, शिकवणारी मंडळी नव्हेत. 'कुर्सो' म्हणजे शैक्षणिक वर्ष. एका विषयाला 'आसिग्नातुरा'. 'लिब्रेरीया' पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय ते 'बिब्लियोतेका'. 'कार्पेता' फाइल. 'आसिस्तिर' मदत करणं नव्हे, हजर राहणं. 'एल विएर्नेस नो आइ क्लासे' हे वाक्य मात्र कुठल्याच शब्दकोशाशिवाय आठवडाभरात कळतं: शुक्रवारी तास नाही.

कोकण-गोव्याच्या वाटेने पोर्तुगीजमधून आलेले शब्द अधूनमधून हात देतात. पाव तिथे 'पान' होतो, बटाटा 'पाताता', बिजागरी 'बिसाग्रा'. आणि 'पागार' म्हणजे पैसे देणं. आपण त्याचा पगार घेणं केलं, एवढाच फरक.

बी-टू पातळीचं प्रमाणपत्र असलं तरी पहिले दोन आठवडे लेक्चर निम्मंच कळतं. कारण वर्गात शिकलेली स्पॅनिश सावकाश आणि शब्द सुटे करून बोललेली असते. आन्दालुसियात तर शब्दाच्या शेवटचा स गळतो, 'लोस आपुन्तेस'चं 'लोह आपुन्ते' होतं, आणि अनेकवचन शोधत बसलेल्याचं पुढचं वाक्य निसटतं. उपाय साधे आहेत. स्लाइड आदल्या दिवशी मूडलवरून उतरवून त्यातले शब्द काढून ठेवा. दुसऱ्या ओळीत बसा. आणि 'आपुन्तेस', म्हणजे वहीतल्या नोट्स, कोणाच्या चांगल्या असतात ते हेरून ठेवा. त्या मागणं तिथे अगदी सर्रास आहे, फोटोकॉपीच्या दुकानाला गर्दी असते ती त्यामुळेच. तास रेकॉर्ड करायचा असेल तर आधी प्राध्यापकाला विचारा. न विचारता केलेलं रेकॉर्डिंग हा भांडणाचा विषय होतो.

विषय कुठल्या भाषेत आहे हे पुस्तिकेत तुकडीनिहाय लिहिलेलं असतं. बार्सिलोना, वालेन्सिया, गालिसिया, बास्क प्रांत इथे एकाच विषयाची एक तुकडी स्पॅनिशमध्ये आणि दुसरी स्थानिक भाषेत असू शकते. पुस्तिकेत स्पॅनिशला 'कास्तेयानो' लिहिलेलं असतं. तो शब्द न दिसता फक्त 'कातालान' दिसलं तर पहिल्याच आठवड्यात तुकडी बदला. 'सगळ्यांना स्पॅनिश येतंच की' हे खरं असलं तरी वर्गाची भाषा तुमच्या एकट्यासाठी बदलत नाहीत.

अडलं तर 'तुतोरीया'. पूर्णवेळ प्राध्यापकाला आठवड्याला ६ तास ह्यासाठी राखून ठेवावे लागतात आणि त्या वेळा जाहीर असतात. भारतीय मुलं तिकडे जात नाहीत, कारण केबिनमध्ये बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलं अशी आपली समजूत. तिथे ती शिकवण्याचाच भाग आहे. दुसऱ्या आठवड्यात जाऊन 'मला भाषेची अडचण आहे, परीक्षेत शब्दकोश चालेल का' एवढं विचारलं तरी पुढचं काम हलकं होतं. वर्गाचा 'देलेगादो', म्हणजे प्रतिनिधी, पहिल्या काही आठवड्यांत निवडतात. व्हॉट्सॲपचा गट बहुधा तोच चालवतो. खोली बदलली, तास रद्द झाला, हे मूडलच्या आधी तिथे कळतं.

मूडल, वायफाय, कागद

मूडलला प्रत्येक विद्यापीठात वेगळं नाव आहे, सालामान्काला 'स्टुडियम', ग्रानादाला 'प्रादो'. नोंदणी उशिरा झाली की तुमचा विषय त्यात दिसत नाही, पण असाइनमेंटची मुदत मात्र सुरू झालेली असते. वाट बघू नका. प्राध्यापकाला विद्यापीठाच्या ईमेलवरून लिहा, नाव आणि पासपोर्ट क्रमांक द्या आणि हाताने नोंद करायची विनंती करा, तिला 'आल्ता मानुआल' म्हणतात. जीमेलवरून पाठवलेली मेल स्पॅममध्ये जाते किंवा दुर्लक्षित राहते. वायफाय 'एडुरोम'. तिथे वापरकर्ता म्हणून पूर्ण ईमेल टाकायचा, ॲट आणि त्याच्यापुढचं सगळं धरून. नुसतं नाव टाकून पासवर्ड चुकला असं समजणाऱ्यांची रांग पहिल्या सोमवारी संगणक कक्षाबाहेर असते. एकदा जमलं की ते युरोपातल्या कुठल्याही सहभागी विद्यापीठात आपोआप लागतं.

व्हिसा १८० दिवसांहून जास्तीचा असेल तर आल्यापासून एक महिन्याच्या आत 'तिए', परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, मागायचं असतं. ईएक्स-१७ हा अर्ज, ७९०-०१२ ह्या नमुन्याने फी भरल्याची पावती, फोटो, पासपोर्ट, आणि राहत्या पत्त्याची नगरपालिकेतली नोंद, जिला 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात. बोटांचे ठसे द्यायला पोलीस कार्यालयाची वेळ मिळते ती नेमकी प्रॅक्टिकलच्या सकाळी. ती सोडू नका, माद्रिद-बार्सिलोनात पुन्हा मिळायला आठवडे लागतात. प्रॅक्टिकलच्या प्राध्यापकाला आधी मेल करा आणि तिथून निघताना खिडकीवर 'खुस्तिफिकान्ते' मागून घ्या, म्हणजे 'ही व्यक्ती अमुक वेळी इथे होती' असा शिक्क्याचा कागद. डॉक्टरकडे गेलात तरी तोच. तोंडी कारण कितीही खरं असलं तरी सक्तीच्या हजेरीत ते धरत नाहीत.

डबा

फाकुल्तादच्या कँटीनमध्ये अकराच्या सुमारास सगळे बटाट्याचं ऑम्लेट घातलेला 'बोकादियो' किंवा टोमॅटो चोळलेला टोस्ट खातात, आणि जेवण दोननंतर. शाकाहारी असाल तर नुसतं 'कार्ने', म्हणजे मांस, नको म्हणून भागत नाही, कारण 'कार्ने'मध्ये बरेच जण हॅम आणि ट्यूना धरतच नाहीत. 'एन्सालादा मिक्स्ता'वर ट्यूना असतो, मसूर 'लेन्तेखास' चोरीथो सॉसेज घालून शिजवतात, परतलेल्या भाजीत हॅमचे तुकडे. 'सिन खामोन, सिन आतून', म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, असं नाव घेऊन सांगा. सगळ्यात सोपं म्हणजे डबा. त्याला 'तापेर' म्हणतात, आणतात पुष्कळ जण, आणि बऱ्याच फाकुल्तादांत गरम करायला मायक्रोवेव्ह ठेवलेले असतात. अडीच वाजता तिथे रांग लागते. दोनला गेलात तर फोडणीच्या वासाची चौकशी करणारे दोन-चार जण भेटतील, आणि गटकामाचे जोडीदार वर्गापेक्षा इथेच पटकन जमतात.

सुट्ट्यांची तारीखवही पहिल्याच आठवड्यात भरून ठेवा. १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ६ आणि ८ डिसेंबर देशभर. त्यावर शहराच्या आणि प्रांताच्या: बार्सिलोनात ११ आणि २४ सप्टेंबर, वालेन्सियात ९ ऑक्टोबर, माद्रिदला ९ नोव्हेंबर. सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की मधला दिवस गाळून 'पुएन्ते', पूल, बांधतात. पूल गाठून फिरायला जाण्याआधी बघा की तुमचं पंधरवड्यातलं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात आहे का, कारण ते अनेकदा भलत्याच दिवशी हलवतात आणि ते फक्त मूडलच्या फलकावर कळतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. तोवर घरापासूनचं अंतर साडेतीन तासांचं असतं, त्यानंतर साडेचार. दुपारच्या पाळीचा शेवटचा तास नऊला सुटला तर घरी दीड वाजलेला. फोन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करा: अडीचला केलात तर तिकडे संध्याकाळचे सात, नुकते दिवे लागलेले.